गाभण अळी

पानाखाली बोट घालायचं, अळी चिमटीत धरायची आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. या कामात थोरलीला हरवेल असं आसपास कुणी नव्हतं. उजाडलं की ती घरामागच्या बागेत उतरायची आणि ऊन भिंतीवरून खाली येईपर्यंत तिची पाठ सरळ व्हायची नाही. बोटं हिरवी, नखांत माती, डब्यात मेलेल्या अळ्यांचा थर. त्यातही तिची नजर आधी जायची ती गाभण अळीवर. डोक्याच्या मागं, पाठीवर पांढरे दाणे चिकटलेली अळी म्हणजे गाभण. ती एक सोडली तर शंभर होतात, असं तिला सासूनं शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. गाभण अळी सुस्त असायची. पळायची नाही, पानाच्या वरच येऊन बसायची, आयती हाताला लागायची. तिला थोरली डब्यापर्यंतसुद्धा नेत नसे. जागच्या जागी दोन बोटांत चिरडायची आणि बोटं पानाला पुसायची.

एवढं करूनही यंदा कोबीची चाळण झाली होती.

चार ओळी कोबीच्या, कडेनं कोथिंबीर फुलावर आलेली, पलीकडे टोमॅटो आणि घेवडा. एवढीशी जागा, पण तीच थोरलीचं या घरातलं ठिकाण होतं. तिचा नवरा, म्हणजे घरातला मोठा मुलगा, वारला त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. घरात राहिली सासू, धाकटा दीर, त्याची बायको धाकटी आणि ती. दीर गवंडी. त्याच्या सेंट्रिंगच्या फळ्या, लोखंडी जॅक, काँक्रीटचा मिक्सर दारासमोर रस्त्यावर पडलेले असायचे आणि रोज शेजाऱ्यांच्या शिव्या खायचे. ते सामान ठेवायला त्याला बागेच्या जागी फरशी करून वर पत्रा टाकायचा होता. थोरली कुठं कामाला जात नव्हती. बागेतली भाजी घराला पुरवायची, उरलेली बाजारच्या दिवशी विकायची. आपण फुकट गिळत नाही हे दाखवायला तिच्याकडे तेवढीच जागा होती. गवंड्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो जमिनीबद्दल बोलायला लागला की थोरलीला वाटायचं, हा आपल्या ताटाबद्दल बोलतोय. तिचं चुकतही नव्हतं.

घर सासूच्या नावावर होतं, त्यामुळे निकालही तिचाच. "बाग घराला खायला घालते तोवर कुणी हात लावायचा नाही," ती मुलाला म्हणाली होती. "पण यंदाचा कोबी अळीच्या घशात गेला, तर कर तुझी फरशी." हे तिनं दोघांसमोर सांगितलं. गवंडी हसला होता. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी कामावरून आला की चपला न काढता मागच्या दारात जायचा आणि कोबीकडे बघायचा. एरवी त्याला कोबी आणि मुळा यातला फरक कळत नव्हता.

त्या दिवशी दुपारच्या जेवणात भाजीत अळी निघाली. शिजून पांढरी पडलेली, वेटोळी झालेली. गवंड्यानं ती बोटाच्या टोकावर घेतली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि वाकून थोरलीच्या ताटाच्या कडेवर ठेवली.

"वहिनी, तुमची," तो म्हणाला.

धाकटी तोंडावर हात ठेवून हसली. मग हसू आवरलं नाही म्हणून पाणी प्यायली. सासू खाली बघून जेवत राहिली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घास तोंडात होता. तो तिनं चावला, गिळला आणि अळीच्या बाजूनंच पुढचा घास घेतला.

"आणि माश्या बघा," धाकटी म्हणाली. ओट्यावर तीन-चार माश्या फिरत होत्या. "ताई, मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. पण सगळ्या मागनं येतात. तुमचा तो पालापाचोळ्याचा ढीग, तो साबणाचा डबा. खिडकी उघडायची सोय राहिली नाही."

"बागेतल्या माश्या वेगळ्या," थोरली म्हणाली. "त्या घरात येत नाहीत."

"माशी ती माशी," गवंडी म्हणाला. "तिला काय आडनाव असतं?"

यावर सासूसुद्धा हसली. थोरलीला ते हसू अळीपेक्षा जास्त लागलं.

जेवणं झाली, भांडी झाली, गवंडी कामावर गेला. थोरली काचेचे दोन पेले घेऊन मागं गेली. आडनावच काढून दाखवते, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. रागात माणूस भांडी आपटतं, दारं आपटतं. थोरली माश्या धरायला बसली. ओट्यावरची एक माशी तिनं पेल्याखाली कोंडली. बागेतली धरायला जरा वेळ लागला. ती कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर बसत होती, पंख अर्धे पसरून, आणि सावली पडली की उडत होती. शेवटी हात न हलवता उकिडवी बसून तिनं दुसरा पेला हळूच खाली आणला. दोन्ही पेले खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि सासूचं भिंग आणलं. सासू त्या भिंगानं सुईत दोरा ओवायची.

घरातली माशी गुळगुळीत होती. पोट पिवळट, नितळ. बागेतली तिच्यापेक्षा थोराड, राखी रंगाची, आणि पोटावर राठ काळे केस. मागच्या टोकाला तर केसांचा ब्रशच. थोरलीनं पुन्हा पुन्हा बघितलं. मग तिनं बशीत साखरेचं पाणी आणि थोडी शिळी भाजी घालून ती मागच्या दारात ठेवली. घरातल्या माश्या लगेच आल्या, बशी काळी झाली. हाताच्या अंतरावर कोथिंबिरीवर राठ केसांच्या माश्या फिरत होत्या. त्यांतली एक बशीकडे आली नाही.

"बघा," ती सासूला म्हणाली.

सासूनं भिंग डोळ्याला लावलं. "माश्याच आहेत," ती म्हणाली आणि भिंग पुसून परत शिवणाच्या डब्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हातात घेऊन थोरली कोबीत वाकली होती, तेव्हा तसलीच एक राठ माशी तिच्या डोळ्यांसमोर पानावर उतरली. पानावर अळी होती. चांगली, तरतरीत, पाठ स्वच्छ. माशी तिच्याभोवती फिरली. अळीनं डोकं झटकलं. माशी मागं सरली, थांबली, पुन्हा पुढं आली. मग तिनं पोटाचं टोक खालून पुढं वळवलं, अळीच्या मानेवर टेकवलं आणि उडाली. सगळं इतक्या पटकन झालं की थोरलीला आधी कळलंच नाही. तिनं पान जवळ ओढलं. अळीच्या डोक्यामागं एक पांढरा दाणा होता.

तो दाणा अळीच्या पोटातून आला नव्हता. बाहेरून आला होता.

थोरलीचा हात सवयीनं अळीकडे गेला आणि मध्येच थांबला. इतकी वर्षं तिनं असल्या किती चिरडल्या असतील? पण त्या क्षणी तिला राग आला तो माशीचा. हीसुद्धा आपलं बिऱ्हाड माझ्याच कोबीवर आणून टाकते, असं तिला वाटलं. पुढचं बघायचं ठरवलं तेही रागानंच. तिनं लोणच्याची रिकामी बरणी घासली, तळाला माती घातली, वर कोबीची पानं, आणि बागेतून शोधून शोधून गाभण अळ्या आणून आत सोडल्या. तोंडाला जाळीदार फडकं बांधलं आणि बरणी आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. काय व्यायचं ते माझ्यासमोर व्या, म्हणाली.

सासूनं बरणी बघितली तेव्हा तिची जीभ सुटली.

"गाभण अळ्या घरात ठेवल्यास?"

"गाभण नाहीत त्या आई. माशी अंडं घालते त्यांच्यावर. मी बघितलं."

"म्हणजे माझी सासू वेडी होती."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणायचं तेवढं राहिलंय. हात धरून तुला वेचणी शिकवली मी. आली तेव्हा पान कुठल्या बाजूनं धरायचं ठाऊक नव्हतं. आता मला शिकवायला निघाली."

"बरणीत अळीची पिल्लं निघाली तर मी तुमच्या पाया पडेन," थोरली म्हणाली. "आणि माशी निघाली तर?"

सासूनं बरणीचं फडकं घट्ट आहे का ते ओढून बघितलं आणि निघून गेली.

बरणीतल्या अळ्या काही दिवस खात राहिल्या. मग खाणं मंदावलं. कातडी सैल पडली, रंग मळकट झाला, एकेक करून त्या पानाला लोंबायला लागल्या. पिल्लू एकही निघालं नाही. एका सकाळी एका मेलेल्या अळीच्या कातड्यातून पांढरा जाडसर किडा बाहेर पडला आणि मातीत शिरला. थोरलीनं काडीनं माती उकरली तर खाली तपकिरी, तांबूस, गव्हापेक्षा थोडे मोठे दाणे पडले होते. कडक. वास येत होता. धाकटी खोलीत डोकावली आणि ओढणी नाकाला लावून परत गेली. "ताई, माणसं मांजर पाळतात, पोपट पाळतात," बाहेरून तिचा आवाज आला. "आमच्याकडे किडे पाळतात."

या दिवसांत थोरली रोज वेचणी करत होती, पण आता दाणा चिकटलेली अळी सोडून देत होती. स्वच्छ तेवढीच डब्यात टाकत होती. हाताला हे जमत नव्हतं. हात जुन्या सवयीनं सुस्त अळीकडेच जायचा आणि ती स्वतःच्याच हातावर चिडायची. स्वच्छ अळी चपळ, पानाच्या घडीत लपलेली, शोधून काढावी लागायची. मग तिला लख्ख कळलं. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत आलो. जी अळी आज ना उद्या मरणारच होती तीच वेचून चिरडली आणि तिच्या पोटातली माशीही तिच्यासोबत मारली. जी खायला उरली तिला राखलं. वर त्याचा तोरा मिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. तिला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि ते कोण हे ठरत नव्हतं.

पहिली माशी बाहेर पडली ती दुपारी. तपकिरी दाण्याचं टोक टोपणासारखं उघडलं आणि आतून ओलसर, फिक्कट, सुरकुतलेल्या पंखांची माशी बाहेर आली. थोरलीनं घाईघाईनं सासूला हाक मारली. फडकं सोडलं. माशी बरणीच्या काठावर चढली, तिथून कट्ट्यावर आली. पंख हळूहळू पसरत होते. पोटावर राठ केस दिसायला लागले. सासू शेजारी येऊन उभी राहिली, वाकून बघितलं आणि तळहात उचलून माशीवर मारला.

"आई, हात मागं घ्या!"

थोरली एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. या घरात आल्यापासून तिनं सासूसमोर आवाज चढवला नव्हता. नवरा गेला तेव्हासुद्धा ती तोंडावर हात दाबून रडली होती.

सासूचा हात तसाच वर राहिला. तळहातावर ओला डाग.

"काय म्हणालीस?"

"मारून काय मिळालं तुम्हाला? बघायला बोलावलं होतं ना? दिसलं की मारायचं, एवढंच येतं का आपल्याला? मलाही तेच शिकवलंत. इतकी वर्षं मी माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडत बसले, तुमच्या शिकवणीपायी!"

सासू तळहाताकडे बघत आपल्या खोलीत गेली. संध्याकाळी ती जेवायला उठली नाही. धाकटीनं गवंड्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. गवंडी थोरलीच्या दाराशी आला.

"माश्यांसाठी माझ्या आईवर ओरडता?" तो म्हणाला. "आता बघतोच मी त्या बागेकडे."

सकाळी थोरली चहा घेऊन सासूकडे गेली. सासूनं कप घेतला, तोंड भिंतीकडेच ठेवलं. "तू म्हणतेस म्हणून खरं, असं नाही," ती म्हणाली. "शिकलेल्या माणसाला विचारून ये."

म्हणून थोरली बरणी कापडात गुंडाळून बाजारपेठेत गेली. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकणारं एकच दुकान होतं. सगळे दुकानदाराला औषधवाला म्हणत. त्यानं फडक्यातून आत बघितलं. रात्रीत आणखी दोन माश्या निघाल्या होत्या.

"परोपजीवी माशी," तो लगेच म्हणाला. "अळीवर अंडं घालते. आतला किडा अळीला आतून खातो. चांगली असते. अळी मारते ती."

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"कॉलेजात शिकलोय की."

"इतकी वर्षं मी तुमच्याकडनं बियाणं नेते. अळीचं रडगाणं दर वेळी गाते. कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"फवारलं तर काय होतं?"

"ही पहिली मरते," औषधवाला म्हणाला. "वरच बसलेली असते ना. अळी गड्ड्याच्या आत असते, तिला लागेलच असं नाही." मग त्याला आठवलं. "हे विचारताय कशाला? सकाळीच तुमचे दीर येऊन औषध घेऊन गेले. पंपही नेला भाड्यानं."

"मग त्यांना सांगितलंत का नाही हे?"

"त्यांनी औषध मागितलं, मी औषध दिलं. गिऱ्हाईकाला प्रवचन देत बसू?"

"पाटी लावा दुकानावर," थोरली बरणी उचलत म्हणाली. "लिहा, इथं विचारलं तरच खरं सांगतात." पुढचं तिनं ऐकलं नाही. ती पळतच निघाली होती. बरणी छातीशी धरलेली, चप्पल एका पायातून निसटत होती. वाटेत कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. तिनं मान वळवली नाही.

घराच्या कोपऱ्यावरच वास आला. घशात उतरणारा, डोळे चुरचुरवणारा. मागच्या दारातून बघितलं तर गवंडी पाठीवर पंप घेऊन उभा होता. स्वतःच्या तोंडाला त्यानं रुमाल बांधला होता. पायरीवर आई बसली होती, तिला आत जा म्हणायचं काही त्याला सुचलं नव्हतं. तीन ओळी ओल्या झाल्या होत्या. पानांवरून पांढुरकं पाणी ठिबकत होतं. भिंतीकडची चौथी ओळ तेवढी कोरडी होती, कारण पंपाचं नोझल तुंबलं होतं आणि गवंडी तारेनं ते कोरत होता.

कोथिंबिरीखाली राठ केसांच्या माश्या पडल्या होत्या. काही उलट्या पडून पाय झाडत होत्या. काही जागीच गोल फिरत होत्या.

थोरलीनं बरणी पायरीवर सासूशेजारी ठेवली आणि सरळ चौथ्या ओळीत जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," गवंडी म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा एकेरीवर आला होता.

"पंप खाली ठेवा, भाऊजी."

"बाजूला हो म्हटलं ना. अळ्या मारायच्या होत्या ना तुला? मारून देतोय. फुकट."

"अळ्या मेल्या नाहीत. दुसरंच मेलंय. खाली बघा."

"माश्या मेल्या, बरंच झालं. माझ्या बायकोनं जीव नकोसा केलाय माश्यांपायी."

"तिच्या माश्या ओट्यावर आहेत. तिथं मारा औषध. खरकटं झाकून ठेवायला सांगा तिला."

धाकटी दारातून काहीतरी बोलली. गवंड्यानं नोझल तोंडाजवळ धरून बघितलं, दांडा हापसला. फवारा आला. तो त्यानं खाली वळवला, आणि पाणी थोरलीच्या पावलांवर, पोटऱ्यांवर पडलं. थंड होतं आणि मग चुरचुरलं. ती हलली नाही. तिनं पाय आणखी रोवले.

"मारा," ती म्हणाली. "वर पण मारा. तोंडावर मारा. मी पण वरच बसलेली असते ना, आयती हाताला लागणारी. तुमच्या घरात जो पोखरतो तो आत बसतो आणि जो राबतो त्याच्यावर फवारा. हेच चाललंय इथं!"

"पंप खाली ठेव," सासू म्हणाली.

"आई, तू मध्ये—"

"खाली ठेव. आणि तिला पाणी दे पायावर घ्यायला. तूच दे."

गवंड्यानं पंप उतरवला. सासू पायरीवरून उठली नाही. बरणीवर तिचा हात होता.

"भिंतीची ओळ अशीच राहू दे," ती म्हणाली. "तीन ओळी तुझ्या औषधाच्या, एक हिच्या माशीची. मी बघते." मग कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "काल तळहातावरची बघितली मी भिंगातून. केस होते पोटावर."

एवढंच. माफी मागणाऱ्या बाया वेगळ्या असतात, ही त्यातली नव्हती.

गवंड्याला आपल्या औषधाची खात्रीच होती. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं बागेच्या चारी कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या, ओळंबा लावून सुतळी ताणली. थोरलीला वेचणीला जाताना रोज त्या सुतळीवरून पाय टाकून जावं लागे. ती भिंतीच्या ओळीतच काम करायची. बरणीतल्या माश्या तिनं तिथल्या कोथिंबिरीवर सोडल्या. फवारलेल्या ओळींकडे तिनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघायचीच.

सुरुवातीला तर त्या ओळी फारच छान दिसल्या. नवी पानं आली, भोकं नाहीत, गड्डे गोल. गवंडी आईला हात धरून दाखवायला घेऊन गेला. भिंतीची ओळ त्यांच्यासमोर भिकारीण दिसत होती. बाहेरची पानं खाल्लेली, जाळी झालेली. धाकटीनं फवारलेल्या ओळीतला गड्डा काढायला हात घातला, तर गवंड्यानंच अडवलं. औषधवाल्यानं अजून खायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मग भाजी विकत आणावी लागली. धाकटी पिशवी घेऊन बाजारातून आली, पिशवी ओट्यावर टाकली आणि नवऱ्याकडे बघितलं. तिनं या वेळी थोरलीला काही म्हटलं नाही. दोन दिवसांनी तीच भिंतीच्या ओळीतली चार पानं खुडून, धुऊन घेऊन गेली. थोरलीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

सासू रोज सकाळी स्टूल घेऊन भिंतीच्या ओळीपाशी बसायला लागली. मांडीवर भिंग. पाठीवर दाणे असलेल्या अळ्या तिथं वाढत होत्या. नंतर त्या लोंबायला लागल्या, सुकायला लागल्या. आतली कोवळी पानं एकमेकांवर मिटत गेली, गड्डे धरायला लागले. एकदा धाकटी कपडे वाळत घालताना तिथं आली आणि तिनं दाण्यांची अळी दिसली म्हणून बोट पुढं केलं. सासूनं तिच्या हातावर भिंगाचीच दांडी मारली.

"गाभण आहे ना ती, आई?"

"आहे. पोटात लेकरं दुसऱ्याची आहेत. राहू दे."

कोबी काढायचा दिवस सासूनंच ठरवला. गवंडी घरी असेल असा. जेवणाआधी तिनं धाकटीला दोन गड्डे आणायला लावले. एक फवारलेला, मोठा, वरून डाग नाही. दुसरा भिंतीच्या ओळीतला, लहान, बाहेरची पानं फाटकी. गवंडी ताटावर बसला होता. सासूनं थोरलीला विळी घेऊन समोर बसायला सांगितलं.

थोरलीनं आधी लहान गड्डा कापला. आत पांढरं, घट्ट, एकावर एक पान. धाकटीनं दोन्ही फोडी उलटून पालटून बघितल्या.

मग मोठा. विळीवर दाबताच तो भुसभुशीत गेला. आतली पानं काळपट, विष्ठेनं चिकट, मधोमध पोखरून बोगदा झालेला. आणि त्यात अळी. जिवंत, जाड, हिरवीगार, तरतरीत. पाठ स्वच्छ. एक दाणा नाही. गड्डा उघडला तशी ती डोकं उचलून इकडं तिकडं बघायला लागली.

ओट्यावर एक माशी बसली होती, नितळ पोटाची.

थोरलीनं अळी चिमटीत धरली. इतक्या वर्षांचा हात होता, अळी सुटणं शक्यच नव्हतं. तिनं ती सगळ्यांना दिसेल अशी धरली, वाकली आणि गवंड्याच्या ताटाच्या कडेवर ठेवली.

"भाऊजी, तुमची."

अळी ताटाच्या काठावरून चालायला लागली. गवंड्यानं तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई भिंग पुसत होती.

"खुंट्या उपटून आण जा," ती म्हणाली. "घेवड्याला आधार नाही. आधी ते कर, मग जेव."

गवंडी उठला. मागच्या दारातून त्याची खटपट ऐकू येत होती. ठोकताना त्यानं खुंट्या खोल ठोकल्या होत्या, फरशीसाठी. चौथी तर निघेचना. तो दोन्ही हातांनी हिसके देत होता, घाम पुसत होता, शिव्या घालत होता. थोरली विळी धुऊन दारात येऊन उभी राहिली. तिच्या पोटऱ्यांवरचे चट्टे अजून गेले नव्हते. जमीन कुठल्या बाजूनं भुसभुशीत आहे आणि खुंटी कुठं हलवली की निघेल, हे तिला ठाऊक होतं.

तिनं सांगितलं नाही.